शस्त्राची निगा : मराठी इतिहासातील एक दुर्लक्षित पान



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत इतिहास शिकविला. ग्वाल्हेरसारख्या गावात मराठीतून इतिहास शिकविणे म्हणजे घरोघरी भिंतीवर टांगलेल्या तलवारींच्या साक्षीने बोलणे. त्या तलवारींचा पराक्रम आपण पुष्कळ ऐकला आहे. ती तलवार गंजली का नाही, तिच्या शेजारची ठासणीची बंदूक ऐन वेळी फुटली का नाही, दारू कोरडी कोणी ठेवली, हे प्रश्न मात्र आपण फारसे विचारीत नाही. आज मी या प्रश्नांविषयी बोलणार आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचा संबंध माणसांच्या जिवाशी आहे, आणि तोही केवळ भूतकाळातील माणसांच्या नव्हे.

मी भाषेचा अध्यापक, म्हणून आरंभ शब्दांपासून करतो. ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ हे दोन शब्द आपण शाळेपासून ऐकतो. अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. त्यावरून शिलेखाना आणि शिलेदार. शिलेदार स्वतःचे घोडे व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. हा भेद आपण पगाराच्या दृष्टीने समजावून सांगतो. परंतु त्यात निगेचा भेदही दडलेला आहे. शिलेदाराचे हत्यार बिघडले तर तोटा त्याचा स्वतःचा. बारगिराचे बिघडले तर सरकारचा. म्हणून सरकारी हत्यारांसाठी नोंद, तपासणी आणि जबाबदार माणूस यांची गरज उत्पन्न झाली. ‘शिकलगार’ हा शब्दही असाच. अरबी ‘सैकल’ म्हणजे जिल्हई, धातूला चकाकी आणणे. शिकलगारांचा समाज पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे घासून, धार लावून उजळीत आला. बखरींत वा पोवाड्यांत त्यांना मानाचे स्थान मिळाले नाही. त्यांच्या हातून गेलेल्या तलवारींना मात्र मिळाले.

आता बंदुकीकडे वळू. आपल्या नित्याच्या बोलण्यात तिने किती वाक्प्रचार पेरले आहेत पाहा. आपण एखादी गोष्ट ‘ठासून’ सांगतो. एखाद्याचा बेत ‘फुसका बार’ ठरतो. कोणी प्रश्नांच्या ‘फैरी झाडतो’. ठासणे म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने घट्ट बसविणे. दारू सर्द झाली, किंवा कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, काजळी साचली की बार फुसका जाई. म्हणजे ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग मुळात निगेतील हयगयीची नोंद आहे. तो ज्यांनी प्रथम वापरला त्यांना त्याची किंमत ठाऊक होती.

ही हयगय का घडे हे समजण्यासाठी जुन्या काळ्या दारूचा स्वभाव पाहिला पाहिजे. स्थूलमानाने शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असे तिचे प्रमाण. ती जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग वायू न होता क्षाररूपाने उरतो. त्यातील काही पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो, बाकीचा नळीत चिकटतो. हे क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि लोखंडाला खातात. पावसाळी हवेत एका रात्रीत नळीला तांबूस गंज चढतो. चार-सहा बार उडविल्यावर नळी इतकी आवळते की पुढची गोळी गजाने खाली जाईना. ती अर्ध्यात अडकली आणि तशीच बत्ती दिली, तर नळी फुटून धरणाऱ्याचा हात व डोळे जाण्याचा धोका. सुदैव एवढेच की हे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून काळ्या दारूच्या बंदुकीची खरी सफाई तेलाने होत नाही, पाण्याने होते. आधी गरम पाण्याने धुणे, मग कोरड्या चिंधीने पुसून काढणे, आणि अखेरीस तेलाचा हात. हा क्रम उलटा केला, तर तेलाखाली क्षार तसेच राहतात आणि गंज आतल्या आत वाढतो.

तोड्याच्या बंदुकीत याहून मोठा धोका होता. सोऱ्यात भिजवून वाळविलेली दोरी, म्हणजे जामगी, सैनिकाच्या हाती सतत धुमसत असे. आणि त्याच माणसाच्या कमरेला दारूचे शिंग. बार भरताना जामगी बंदुकीपासून दूर धरणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न. हॉलंडमध्ये जाकोब द घेन याने १६०७ मध्ये शस्त्रकवायतीचे एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बंदुकीचा एक बार भरून उडविण्याच्या क्रियेचे चाळीसहून अधिक तुकडे पाडून प्रत्येकाचे चित्र दिले आहे. जामगी कोणत्या हाती, कोणत्या बोटांत, केव्हा काढायची, केव्हा पुन्हा बसवायची, सर्व ठरलेले. कवायत म्हणजे केवळ रांगेचा देखावा नव्हे, हे त्या चित्रांवरून कळते. शेजारचा माणूस आपल्या हातून मरू नये, ही तिची पहिली अट होती. आपल्या भाषेनेही हे जपून ठेवले आहे. ‘कवायत’ हा शब्द अरबी ‘कवाइद’ वरून आला, आणि ‘कवाइद’ हे ‘कायदा’ शब्दाचे अनेकवचन आहे. कवायत म्हणजे नियम.

नियम मोडल्याची किंमत मोठ्या माणसांनाही चुकलेली नाही. १५४५ च्या मे महिन्यात शेरशहा सूर कालंजरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. किल्ल्यात फेकण्याचे दारूचे गोळे त्याच्या समोर पेटवून फेकले जात होते. त्यांतील एक तटावर आपटून परत आला आणि उरलेल्या गोळ्यांच्या ढिगात पडला. त्या स्फोटात शेरशहा होरपळला आणि किल्ला हाती आला त्याच सुमारास मरण पावला. ज्याने हुमायूनला हिंदुस्थानाबाहेर घालविले, तो शत्रूच्या तलवारीने गेला नाही. पेटविण्याची जागा आणि साठ्याची जागा यांत पुरेसे अंतर नव्हते, एवढ्या एका गोष्टीने दिल्लीच्या गादीचा इतिहास बदलला.

आपल्या राज्यकर्त्यांनी हा धोका ओळखला होता काय? ओळखला होता, आणि तो लिहूनही ठेवला होता. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीस असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आशयासाठी ते नेहमी उद्धृत होते. परंतु त्याच पत्राचा मोठा भाग आगीविषयी आहे. कोणी गवताजवळ चुली मांडील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि मग गवताच्या गंज्या व घोडी यांपैकी काहीच वाचणार नाही, असे महाराज बजावतात. स्वराज्याचा धनी उंदराने ओढून नेलेल्या वातीचा विचार करतो, ही गोष्ट मला एखाद्या लढाईइतकीच मोलाची वाटते. अपघात दुष्ट हेतूने होत नाहीत; ते कोणाच्या ध्यानात न आलेल्या बारीकशा गोष्टीने होतात, हे ज्ञान त्या पत्रात आहे.

यापुढची पायरी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दिसते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील हा ग्रंथ आपण राजनीतीसाठी वाचतो. त्यातील दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयीचे नियम आहेत, ते आजच्या सुरक्षा-नियमावलीशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ किंवा घरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर नसावा; त्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे; खाली तळघर करून ते गच्ची करावे आणि दारूची मडकी जमिनीवर न ठेवता माच घालून त्यावर ठेवावीत; जागा सर्द होऊ देऊ नये; आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढून ऊन द्यावे, पुन्हा आत ठेवून मोहोर करावी; आणि पहारा कायम असावा. यात अंतर आहे, ओलीपासून बचाव आहे, ठराविक मुदतीची तपासणी आहे, जबाबदार अधिकारी ठरलेला आहे आणि कुलूपही आहे. पावसाळ्याविषयी तर अमात्य अधिकच नेमके आहेत. तोफांना तेल-मेण द्यावे, तोफांचे कान मेणाने बुजवावेत आणि वर आच्छादन घालावे, म्हणजे त्या वाया जाणार नाहीत. पावसाळी सह्याद्रीत लोखंड कसे टिकवावे, याचे इतके मोजके मार्गदर्शन आजही कोणी देऊ शकेल, असे वाटत नाही.

नियम लिहिले गेले, पण सर्वत्र पाळले गेले नाहीत. सिंहगडावरील दारूकोठारावर १७५१ मध्ये वीज पडली. त्या स्फोटात गडाच्या फडणिसांचे घर उद्ध्वस्त होऊन घरातील माणसे दगावली. वीज कोणाच्या हाती नसते. परंतु फडणिसांचे राहते घर कोठाराच्या स्फोटाच्या टप्प्यात असावे की नसावे, हे माणसाच्या हाती होते; आणि त्याविषयीचा नियम तीन-चार दशकांपूर्वीच मराठीत लिहिला गेला होता.

आता आपल्या ग्वाल्हेरकडे येतो. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये बेन्वा द ब्वाञ याला चाकरीस ठेवले आणि कवायती पलटणी उभ्या राहिल्या. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. या तोफखान्याची निगा कशी होती याची साक्ष शत्रूनेच दिली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईनंतर शिंद्यांच्या नव्वदहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. आर्थर वेलस्लीने त्यांच्या उत्तम दर्जाची वाखाणणी केली. १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारी येथे शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच उभे राहून मेले, आणि जनरल लेकनेही त्यांच्या धैर्याची कबुली दिली. तेव्हा हत्यार चांगले होते आणि ते चालविणारा शिपाईही चांगला होता. उणीव राहिली ती मधल्या दुव्यात. नियम जाणणारे आणि पाळून घेणारे वरचे अधिकारी पगारी परदेशी होते. युद्ध पेटताच पेराँसकट त्यांतील बरेचसे निघून गेले किंवा शत्रूला शरण गेले. निगेची विद्या विकत घेता येते, पण ती आपल्या माणसांत रुजवावी लागते. हे रुजविणे अपुरे राहिले, असे माझे मत आहे.

सफाईच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण १८५७ चे. काडतुसाची चरबी हे त्या उठावाचे एकमेव कारण नव्हते, हे आता सर्वमान्य आहे. परंतु मुळात चरबी हवीच कशाला होती, हे क्वचितच सांगितले जाते. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल तोंडाने ठासण्याची होती आणि तिच्या नळीत आटे होते. गुळगुळीत नळीत काजळी साचली तरी सैल गोळी कशीबशी उतरे. आटे असलेल्या नळीत ती अडके. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावणे भाग होते, म्हणजे प्रत्येक बाराबरोबर काजळी मऊ होऊन नळी मोकळी राही. अडचण तांत्रिक होती. तिच्यावर मेण आणि तेल हा उपाय आपल्याकडे दीडशे वर्षे ठाऊक होता. प्रत्यक्षात चरबी वापरली गेली, आणि काडतूस दातांनी फाडण्याची कवायत होती. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांनी आपले वंगण बाजारातून आपणच आणावे, अशी मुभा देण्यात आली. पुढे दाताऐवजी हाताने फाडण्याचीही सोय झाली. पण तोवर विश्वास उडाला होता आणि संशय कागदाच्या चकाकीपर्यंत पोहोचला होता. मेरठला पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे नाकारली आणि १० मे रोजी वणवा पेटला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये याच ग्वाल्हेरच्या मातीत राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. नियम करणाऱ्याने तो पाळणाऱ्याच्या मनाचा विचार केला नाही, तर उत्तम तांत्रिक नियमही घातक ठरतो, हा त्याचा धडा.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू तयार केली आणि काळ्या दारूचे युग मावळले. लोकांना वाटले, आता सफाईची कटकट संपली. तसे झाले नाही. काडतुसाच्या टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. त्यापासून नळीत उरणारा क्षार मिठाच्याच जातीचा. म्हणून पहिल्या महायुद्धातला शिपाईही .३०३ रायफलीच्या नळीत उकळते पाणी ओतून मग तेल देई. त्या रायफलीच्या दस्त्यात पितळी तेलाची कुपी आणि पुलथ्रू नावाची वजनदार टोकाची दोरी असे. दोरीच्या फाशात चिंधी अडकवून ती नळीतून ओढायची. मी महाविद्यालयात असताना एन.सी.सी.चे काम काही वर्षे पाहिले. तेथील सैनिकी प्रशिक्षकांची शिस्त मराठीच्या प्राध्यापकालाही शिकण्यासारखी होती. त्यांचे सूत्र एवढेच, की ‘रिकामी आहे’ हा शब्द कोणाचाही मानायचा नाही. बंदूक हाती आली की तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मॅगझिन काढणे, बोल्ट उघडणे, आणि खजिन्यात डोळ्यांनी पाहून शिवाय बोटाने चाचपणे. एकाने तपासून दुसऱ्याच्या हाती दिली, तर दुसऱ्याने पुन्हा तपासायची. यात पहिल्याचा अपमान नाही. सफाईच्या खोलीत काडतूस आणायचेच नाही. नळी शक्य तेथे मागच्या बाजूने साफ करायची. आणि पुन्हा वापरण्यापूर्वी चिंधीचा तुकडा आत राहिला नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहायचे. कारण अडथळा चिंधीचा असो की चिखलाचा, नळी फुटायला तो पुरतो.

मित्रहो, हे सर्व आज येथे सांगण्याचे कारण आहे. आपल्यापैकी अनेक घरांत खंडेनवमीला शस्त्रे पूजेस निघतात. त्यांत कोठे कोठे पणजोबांची ठासणीची बंदूकही असते. ती शंभर वर्षांत कोणी उडविलेली नाही, म्हणून ती रिकामी आहे, असे सर्वजण धरून चालतात. हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. बार भरून ठेवलेली बंदूक तशीच भिंतीवर जाऊ शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेट घेते. ओळखण्याची जुनी रीत सोपी आहे. लाकडी काठी हलकेच नळीत जाईल तेथवर सोडावी, तोंडाशी खूण करावी, मग ती बाहेरून नळीला लावून पाहावी. ती कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. हे करताना नळीच्या तोंडासमोर कोणी नसावे, स्वतःही नसावे, आणि जवळपास उदबत्ती वा निरांजन नसावे. आत काही असल्याची शंका आली तर स्वतः खटपट न करता परवानाधारक कारागिराची व पोलिसांची मदत घ्यावी. पूजेनंतर हळदकुंकू, पाणी, नारळाचे पाणी लोखंडावर तसेच राहू देऊ नये. पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. जुन्या हत्यारावर अक्षरे वा नक्षी असेल तर चिंच व वाळूने घासून ती नाहीशी करू नयेत. ती अक्षरे हा इतिहासाचा कागद आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याच्या बंदुकीला मोठी प्रतिष्ठा आहे, आणि वरातीत हवेत बार काढणे ही मर्दुमकी मानली गेली. वर गेलेली गोळी खाली येते. तिला वऱ्हाडी आणि शत्रू असा भेद कळत नाही. २०१६ च्या शस्त्र-नियमांनी परवाना मागणाऱ्याने सुरक्षित हाताळणीचे शिक्षण घेणे आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे, यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. कायदा झाला हे चांगलेच. परंतु ज्या समाजाच्या भाषेत कवायत आणि कायदा हे एकाच धातूचे शब्द आहेत, त्याला एवढे कळण्यासाठी शिक्षेची वाट पाहावी लागू नये.

आपण मुलांना इतिहास शिकवितो तेव्हा तानाजी आणि बाजीप्रभू सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजेत. त्यांच्याबरोबर पंधरा दिवसांनी दारूला ऊन देणारा तो निनावी हवालदारही सांगावा. त्याने आपले काम नीट केले, त्या दिवशी गडावर काहीच घडले नाही. आणि काहीच घडले नाही म्हणूनच त्याची नोंद कोणत्याही बखरीत सापडत नाही. ज्या गुरुवर्यांच्या नावे आपण जमलो आहोत, त्यांचे सारे आयुष्यही अशाच नोंद न होणाऱ्या नित्याच्या कामात गेले. वर्गात वेळेवर येणे, वह्या तपासणे, चूक तेथेच दाखवून देणे. त्या निष्ठेला वंदन करून मी माझे भाषण संपवितो.